कढीपत्त्याचा हिवाळा

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आला, की अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावांत, जिथे भारतीय वस्ती दाट आहे, मागच्या अंगणातल्या कुंड्या घरात नेण्याची गडबड सुरू होते. कढीपत्ता, मोगरा, तुळस, लिंबू. कुणाकडे चाफा, कुणाकडे अळू आणि हळद. तिथला उन्हाळा या झाडांना मानवतो. जूनमध्ये दिवस पंधरा तासांचा असतो, ऊन भरपूर, हवाही दमट. कोकणातल्या परसात असावीत तशी झाडे माजतात. मग एका निरभ्र रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि बाहेर राहिलेल्या अळूची पाने सकाळी उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी काळी पडून लोंबू लागतात.

इथवर सगळे समजण्यासारखे आहे. कोडे पुढे आहे. वेळेवर घरात घेतलेली, वीस-बावीस अंशांच्या उबेत ठेवलेली आणि रोज न चुकता पाणी मिळणारी कितीतरी झाडे फेब्रुवारीपर्यंत मरतात. उलट तळघराच्या अंधारात टाकलेला, तीन-चार महिने पाण्याचा थेंबही न मिळालेला, पाने झडून नुसता खुंट उरलेला चाफा वसंतात जिवंत निघतो. थंडीने झाड मरते हे खरे असले, तरी ते अर्धेच खरे आहे.

केळे फ्रिजमध्ये ठेवू नये, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. फ्रिजमध्ये चार-पाच अंश तापमान असते, म्हणजे पाणी गोठण्यापासून आपण बरेच दूर असतो. तरीही साल दोन दिवसांत काळी पडते. केळ्यांची साठवण आणि वाहतूक म्हणूनच साधारण १३ ते १४ अंशांवर करतात. जळगावच्या केळी उत्पादकांना हाच अनुभव शेतात येतो. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान काही दिवस दहा अंशांखाली राहिले, की पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते आणि निसवणीच्या वेळी घड नीट बाहेर न पडता अडकून बसतो. तिथल्या हवामानावर आधारित पीकविम्यात कमी तापमान हा भरपाईचा एक निकष आहे, तो त्यामुळेच. बर्फाचा कणही न दिसता थंडीने होणारी ही इजा आहे, आणि उष्ण कटिबंधातल्या बहुतेक झाडांच्या बाबतीत ती दहा-बारा अंशांच्या खाली सुरू होते.

याचे एक कारण स्वयंपाकघरातल्या फळीवर सापडते. पुण्याच्या थंडीत खोबरेल तेल थिजते, पण शेजारच्या बाटलीतले करडईचे तेल पातळच राहते. खोबरेल तेलात संपृक्त मेदाम्ले जास्त, करडईच्या तेलात असंपृक्त जास्त. हृदयविकाराच्या संदर्भात हे शब्द आपण वाचतो. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती जे पातळ पटल असते, तेही अशाच स्निग्ध पदार्थांचे बनलेले असते. त्यातून क्षार, साखर, पाणी यांची नियंत्रित ये-जा चालते. त्यासाठी पटल पुरेसे लवचिक असावे लागते. थंड प्रदेशातल्या वनस्पती हिवाळ्याची चाहूल लागताच पटलातली असंपृक्त मेदाम्ले वाढवतात, पेशींत साखर साठवतात आणि काही दिवसांत थंडीला सरावतात. सदैव उबेत वाढलेल्या झाडांना ही तयारी फारशी जमत नाही. त्यांची पटले घट्ट होतात, क्षार बाहेर झिरपतात, पेशीतला कारभार विस्कटतो.

ही नुसती उपमा नाही. जपानमधल्या नोरिओ मुराता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ‘नेचर’मध्ये तंबाखूवरचा एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. हरितलवकांच्या पटलातल्या मेदाम्लांचे प्रमाण ठरवणारे एक जनुक त्यांनी थंडीला नाजूक असलेल्या भोपळावर्गीय वनस्पतीतून घेऊन तंबाखूत घातले, तेव्हा तंबाखूही नाजूक झाला; थंडी सोसणाऱ्या अ‍ॅरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीतले जनुक घातले, तेव्हा तो काटक झाला. पुढे असेही दिसले, की उन्हाने प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेची जी झीज होते, तिची दुरुस्ती संपृक्त पटलात थंडीत रखडते. थंड रात्रीनंतरचे स्वच्छ कोवळे ऊन आपल्याला सुखाचे वाटते. गारठलेल्या पानाला मात्र ते जास्त इजा करते. झाडांच्या थंडीतल्या सगळ्याच तक्रारी मेदाम्लांवर ढकलता येत नाहीत, पण ही कडी महत्त्वाची आहे.

दुसरा मृत्यू गोठण्याचा. पारा शून्याखाली गेल्यावर बर्फ आधी पेशींच्या बाहेर, त्यांच्या मधल्या फटींत जमतो. हा बर्फ पेशीतले पाणी बाहेर ओढतो. म्हणजे कडक थंडीत झाड एका अर्थाने तहानेने मरते, पेशी आतून वाळत जातात. बर्फ पेशीच्या आतच झाला तर ती पेशी संपलीच. अळूचे पान सकाळी काळे पडते ते असे. त्याच अळूचा कंद मात्र वीतभर मातीखाली सुरक्षित असतो, कारण जमीन हवेइतक्या लवकर गोठत नाही.

आता चाफ्याकडे वळू. आपल्याकडे देवळाच्या आवारातला पांढरा चाफा थंडी संपता संपता कसा दिसतो ते आठवा. पाने झडलेली, जाड बोटांसारख्या फांद्या उघड्या. त्याला तिथे थंडी मारत नाही. पाऊस संपून तीन-चार महिने झालेले असतात आणि कोरड्या ऋतूत पाने सांभाळणे परवडत नाही, म्हणून ते त्याने टाकून दिलेले असते. हळदीचेही तसेच. पाला पिवळा पडून वाळला, की शेतकरी काढणीला लागतो. जमिनीतला कंद तेव्हा झोपलेला असतो. आले, सुरण, अळू, कर्दळ या सगळ्यांना कमीअधिक प्रमाणात ही विद्या येते. मोसमी पावसाच्या प्रदेशात वाढलेल्या झाडाने बर्फ पाहिलेला नसतो, पण अवर्षण त्याच्या ओळखीचे असते.

थंड देशातले अनुभवी बागकाम करणारे नेमका याचाच फायदा घेतात. हिवाळा हा जणू कोरडा ऋतू आहे, असे ते झाडाला भासवतात. चाफ्याची कुंडी पहिल्या गारठ्याआधी आत घ्यायची, पाणी बंद करायचे, पाने गळू द्यायची आणि दहा ते तेरा अंशांच्या आसपास तापमान राहील अशा गॅरेजमध्ये किंवा तळघरात ठेवून द्यायची. पाने नसल्यामुळे उजेड लागत नाही. कर्दळीची पाने पहिल्या हिमाने काळवंडली, की दांडे कापून कंद खणायचे, माती झटकून काही दिवस सावलीत सुकवायचे आणि कोरड्या भुशात पुरून पेटीत ठेवायचे. हळदीची कुंडी तर नुसती कोरडी करून कोपऱ्यात ढकलली तरी चालते, फक्त तिथे गारठा नको. ओली राहिली तर कंद कुजतात. थंड आणि कोरडे चालते, उबदार आणि ओले चालते. थंड आणि ओले हे मिश्रण मात्र या झाडांना जवळजवळ नेहमीच भोवते.

विदर्भातल्या संत्रा उत्पादकाला यात नवीन काही वाटणार नाही. बहार धरण्यासाठी तो बागेला ताण देतो, म्हणजे काही आठवडे पाणी तोडतो. पाने मलूल होतात, वाढ थांबते. मग पाणी सोडले की झाड फुलांनी लगडते. मोगऱ्याचेही आपल्याकडे थंडीत पाणी कमी करून छाटणी करतात आणि उन्हाळ्यात फुले घेतात. न्यू जर्सीतला मोगरा उजेडाच्या पण थंडशा खोलीत, बेताच्या पाण्यावर ठेवला, की त्यालाही हाच संदेश मिळतो. बारा महिने उबेत लाडावलेला मोगरा पुष्कळदा नुसती पानेच वाढवतो.

केळीची गोष्ट थोडी वेगळी आणि गमतीची आहे. इंग्लंडच्या बागांत जमिनीत लावलेली केळ दिसते, ती बहुतेक मुसा बास्जू या जातीची. तिला जपानी केळ म्हणतात, पण ती मूळची दक्षिण चीनमधली. फळ खाण्याजोगे नसते. लावतात ते पानांसाठी. सतराव्या शतकातल्या जपानी कवीला त्याच्या शिष्याने झोपडीपाशी लावायला केळीचे रोप दिले आणि त्या केळीवरून तो बाशो या नावाने ओळखला जाऊ लागला. केळीचा ‘बुंधा’ हा खरे तर पानांच्या देठांची गुंडाळी असते आणि जिवाचा भाग जमिनीतल्या गड्ड्यात असतो. त्यामुळे वरचे सगळे गोठून गेले तरी गड्डा वाचला, की वसंतात नवा पोगा फुटतो. तिथले लोक शरद ऋतूत पाने छाटतात, बुंध्याभोवती तारेच्या जाळीचा पिंजरा करतात, त्यात पेंढा ठासून भरतात आणि वरून पाणी आत जाऊ नये म्हणून टोपी घालतात. थंडीपेक्षा आत साचणाऱ्या पाण्याची त्यांना जास्त धास्ती असते.

ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर इथे ख्रिस्तोफर लॉइड या नामांकित बागलेखकाने १९९३ साली घराण्याची जुनी गुलाबबाग उपटून तिथे कर्दळ, डेलिया, केळी यांची उष्ण प्रदेशाचा भास देणारी बाग केली, तेव्हा इंग्लंडमध्ये बराच गहजब झाला होता. इंग्लंडमधल्या अशा बागांतली पुष्कळ झाडे खरी उष्ण कटिबंधातली नसतातच. पंख्यासारख्या पानांचा तिथला नेहमीचा पाम चीनच्या डोंगरांतला असतो. सोनटक्क्याचे जे भाईबंद तिथे उघड्यावर तगतात, ते हिमालयाच्या उतारांवरचे. ‘आसाम ऑरेंज’ नावाचा त्यातला एक वाण फ्रँक किंग्डन-वॉर्ड या वनस्पतिसंग्राहकाने आसामकडून नेलेला आहे. ‘भारतातले झाड’ एवढ्यावर काही ठरत नाही. ते भारतात किती उंचीवरचे, हे पाहावे लागते.

याच्या दुसऱ्या टोकाला नारळ. युरोपातल्या दुकानांत फळातून नुकताच कोंब फुटलेला नारळ शोभेचे रोप म्हणून विकतात. त्याला ना थंडी कळते ना झोप. घरातला कोरडेपणा आणि अपुरा उजेड यांत तो फळातला साठा संपेपर्यंत जगतो. माझ्या मते त्यावर पैसे घालवू नयेत.

तुळशीचे काय करायचे, हा प्रश्न भावनेचाही आहे. तुळशीचे लग्न कार्तिकात, म्हणजे बहुतेक नोव्हेंबरात येते आणि तोवर न्यू जर्सीत किंवा मिशिगनमध्ये बाहेरची तुळस कधीच करपलेली असते. तुळशीला झोपवता येत नाही आणि जुने लाकडी झालेले झाड आत नेले तरी ते हळूहळू रोडावते. सप्टेंबरात मंजिऱ्यांचे बी जमवणे आणि दोन-चार कोवळ्या फांद्या पाण्यात मुळे फुटायला ठेवणे, हा सोपा मार्ग. लग्नाला छोटे ताजे रोप उभे राहते आणि वंश तोच राहतो.

आणि आता कढीपत्ता. हा या दोन टोकांच्या मधला. दक्षिणेच्या दमट जंगलापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत तो आपोआप उगवतो, त्यामुळे थोडी थंडी आणि थोडे अवर्षण दोन्ही त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. तापमान साधारण १६ अंशांच्या खाली गेले, की त्याचे डोळे सुप्तावस्थेत जातात, नवी पालवी थांबते. मग जुनी पाने पिवळी पडून गळू लागतात. नेमक्या इथेच माणसे घाबरतात. झाड सुकते आहे असे समजून पाणी वाढवतात, खत घालतात, कुणी आजीच्या सल्ल्याप्रमाणे ताक ओततात. कढीपत्त्याला ताक घालणे उन्हाळ्यात चालून जाईल. डिसेंबरात वाढ थांबलेल्या मुळांना त्याचा उपयोग शून्य आणि कुंडीला वास मात्र येतो.

मुळांचा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे. माती गार झाली की उष्ण प्रदेशातल्या झाडांची मुळे पाणी नीट ओढू शकत नाहीत. खोलीची हवा वीस अंश असली तरी फरशीवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर टेकलेल्या कुंडीतली माती बरीच थंड असू शकते. माती ओली, पण पाने मलूल, असे विचित्र दृश्य दिसते. मलूल पाने पाहून आणखी पाणी घातले, की मुळांना हवा मिळत नाही, बुरशी लागते आणि मुळे कुजतात. मग पाने आणखी मलूल होतात. घरात आणलेली झाडे फेब्रुवारीत मरतात ती बहुतेक अशी, प्रेमाने. बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहावीत. तिथवर कोरडे लागले तरच पाणी द्यावे, तेही कोमट. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय लागली तर उत्तमच. कुंडीखाली लाकडी फळी किंवा थर्माकोलचा तुकडा ठेवला, तरी मुळांचा गारठा बराच कमी होतो.

उरला उजेड. २१-२२ डिसेंबरला मुंबईत दिवस जवळपास अकरा तासांचा असतो आणि दुपारी सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांवर असतो. त्याच दिवशी न्यू यॉर्कच्या परिसरात दिवस सव्वानऊ तासांचा आणि सूर्य २६ अंशांवर. लंडनमध्ये दिवस आठ तासांहूनही कमी आणि सूर्य जेमतेम १५ अंशांवर, तोही ढगांत. त्यात खिडकीपासून चार हात आत गेले, की उजेड कितीतरी पटींनी घटतो. आपले डोळे सरावतात म्हणून तो आपल्याला जाणवत नाही. अशा उजेडात झाड पुरेसे अन्न बनवू शकत नाही, पण उबेत त्याचा श्वसनाचा खर्च मात्र चालूच राहतो. कमाई कमी आणि खर्च तोच, असे तीन महिने काढायचे. म्हणून दोनच मार्ग उरतात: दक्षिणेकडच्या खिडकीत, वर एलईडी दिवा रोज बारा-चौदा तास लावून झाडाला जागे ठेवायचे, नाहीतर १० ते १५ अंशांच्या गार खोलीत, अगदी कमी पाण्यावर अर्धवट झोपू द्यायचे. उबदार अंधारी बैठकीची खोली, जिथे बहुतेक कुंड्या ठेवल्या जातात, ती दोन्हींपैकी कशातच बसत नाही. शिवाय तिथल्या हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी आणि खवले कीड फोफावतात. आठवड्यातून एकदा पानांच्या खालच्या बाजू ओल्या फडक्याने पुसल्या, तर औषधाची गरज सहसा पडत नाही.

फ्रान्सच्या राजांनी हे साडेतीनशे वर्षांपूर्वीच ओळखले होते. व्हर्सायच्या राजवाड्यात १६८०च्या दशकात संत्र्या-लिंबांसाठी बांधलेले दालन दीडशे मीटरहून लांब आहे. त्याला शेगड्या नाहीत. जाड भिंती, दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या मोठ्या खिडक्या आणि एवढेच तापमान, की आत काही गोठू नये. हजाराहून अधिक झाडे लाकडी पेट्यांतून ऑक्टोबरात आत जातात आणि मे महिन्यात बाहेर येतात. संत्रे, लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले. थंड पण न गोठणारी, उजेडाची, कोरडीशी खोली तिघांनाही मानवते.

या नात्याला एक अडचणीची बाजूही आहे. सायला नावाची कीड विदर्भातल्या बागायतदारांना चांगली परिचित आहे. ती संत्र्यावर ग्रीनिंगचा रोग पसरवते, आणि कढीपत्त्याची कोवळी पालवी तिला फार आवडते. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये ही कीड १९९८ साली आणि रोग २००५ साली आढळला. त्यानंतर तिथले संत्र्याचे उत्पादन नव्वद टक्क्यांच्या आसपास घटले. त्यात चक्रीवादळांचाही वाटा आहे, पण मुख्य घाव या रोगाचा. त्यामुळे लागण झालेल्या राज्यांतून कढीपत्त्याची रोपे बाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत आणि भारतातून येताना रोप सामानात लपवून आणणे हा बेकायदा आणि बेजबाबदार उद्योग आहे. युरोपीय संघातही २०१९च्या डिसेंबरपासून बाहेरच्या देशांतल्या रोपांना आरोग्याचा दाखला लागतो. बारा वर्षांचे झाड एका हिवाळ्यात गेले तर सहज दुसरे आणता येत नाही, ते यामुळे. इंग्लंडमधल्या रोपवाटिकांत ‘करी प्लँट’ म्हणून जे चंदेरी पानांचे झुडूप मिळते, ते तर भूमध्य सागराकडचे भलतेच झाड. वासाला करीसारखे, फोडणीला निरुपयोगी. सर्वांत चांगला विमा म्हणजे जुन्या झाडाच्या मुळांतून फुटलेला धुमारा वेगळा करून एखाद्या शेजाऱ्याला द्यावा. आपले गेले तर त्याच्याकडून परत घेता येतो.

हवामान बदलते आहे, मग ही सगळी यातायात लवकरच संपेल का? अमेरिकेच्या कृषी खात्याचा झाडांसाठीचा थंडीचा नकाशा २०२३ साली नव्याने निघाला. वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच्या सरासरीवरून तो देशाचे तेरा पट्टे पाडतो. २०१२च्या नकाशाशी तुलना करता सुमारे निम्मा देश अर्धा पट्टा उबदार बाजूला सरकलेला दिसतो. पण न्यू जर्सीचा मोठा भाग ज्या सातव्या पट्ट्यात येतो, त्याचा अर्थ अजूनही उणे १८ ते उणे १२ अंश असा आहे. शिवाय हा आकडा सरासरीचा आहे आणि झाड सरासरीने मरत नाही. दहा सौम्य हिवाळ्यांनंतरची एकच वाईट रात्र पुरते.

वसंतात घाई नडते. एप्रिलमधल्या पहिल्या उबदार रविवारी कुंड्या थेट उन्हात काढल्या, तर घरातल्या मंद उजेडात तयार झालेली पाने दोन दिवसांत पांढरी पडून करपतात. न्यू जर्सीत मेच्या मध्यापर्यंत, इंग्लंडमध्ये मेअखेरपर्यंत थांबावे. मग आधी सावलीत, नंतर सकाळच्या उन्हात आणि आठ-दहा दिवसांनी मोकळ्यावर. रात्री दहा अंशांच्या खाली जाणार असतील तर पुन्हा आत. पाने पूर्ण गळून काडी झालेला कढीपत्ता मेला असे समजून फेकण्याआधी नखाने खोडाची साल थोडी खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. वर तपकिरी दिसले तर थोडे खाली खरवडावे, अगदी मातीजवळ. तिथेही काही नसले तरी कुंडी जूनअखेरपर्यंत ठेवावी. कढीपत्ता कधी कधी उशिरा, खालून मुळातून फुटतो.